मोकळा सोडलेला सहावा प्रश्न

ऐका तर मग. आटपाट दहिवली होती. तिथं एक आजी होती, तिची नात साक्षी होती, आणि दोघींच्या डोक्याला ताप द्यायला इंग्रजीचे भगत सर होते.

आजी म्हणजे मी. हायस्कूलच्या खालच्या वर्गांची खिचडी मी शिजवते आणि तांदूळ निवडायला बसते ती दहावीच्या खिडकीखाली. म्हणून किस्से मला शोधावे लागत नाहीत, तांदळातल्या खड्यांसारखे आपोआप हाताला लागतात. मला लिहिता येत नाही. मी बोलते, साक्षी उतरवून घेते आणि मधेच म्हणते, "आजी, हे नको ना." नेमकं तेच मी ठेवायला लावते.

तर झालं असं, पनवेलजवळ मुलींसाठी अकरावी-बारावीचं वसतिगृह निघालं. राहणं, जेवण, शिकणं सगळं तिथंच. पण कर्जत-खालापुरातून मोजक्याच मुली घेणार, आणि त्याही इंग्रजी ऐकून समजतं का, वाचून समजतं का, याची परीक्षा घेऊन. साक्षीला नर्स व्हायचंय. नंबर नाही लागला तर मोहोपाड्याला कंपनीत पॅकिंगला लावायची, असं तिच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं, सुपरवायझरशी बोलून ठेवलं होतं.

मग भगत सरांनी सराव परीक्षांचा सपाटाच लावला.

*

पहिली परीक्षा ऐकण्याची. सर कागदावरचं इंग्रजी मोठ्यानं वाचणार, पोरांनी उत्तरं लिहायची. सगळा वर्ग पैकीच्या पैकी! मोठ्या बाई खूश झाल्या आणि दुसऱ्या परीक्षेला स्वतः येऊन बसल्या.

बघतात तर काय, गोष्टीतला माणूस शिडी चढला की सर हवेत शिडी चढतात. तो खोकला की सर खोकतात. म्हातारी रुसली तर सर पदर सावरून तोंड फिरवतात. बाई म्हणाल्या, "सर, आता फळ्याकडं तोंड करून वाचा."

अर्धा वर्ग नापास.

सर बाहेर आले ते घाम पुसत. मी म्हटलं, "सर, पहिल्या येळी पाचातली चार उत्तरं माजी पण बरोबर होती."

"आजी, तुम्हाला इंग्रजी कळतं?"

"इंग्रजी नाय कळत ओ. तुमी कळता."

*

मग वाचण्याची परीक्षा. उतारा होता भातशेतीचा. प्रश्न असा की, पेरल्यावर किती दिवसांनी रोपं उपटून आवणी, म्हणजे लावणी, करतात? उताऱ्यात लिहिलं होतं चाळीस. वर्गातल्या निम्म्या पोरांनी लिहिलं एकवीस.

सरांनी ओमकारला उभं केलं. शेलू गावचा, घरची भातशेती. "अरे, चाळीस असं डोळ्यासमोर लिहिलंय. वाचलं नाहीस?"

"वाचलं सर."

"मग?"

"चाळीस दिवस ठेवलं तर रोप म्हातारं होतंय सर. फुटवा नाय येत."

"तुझं शेत नको सांगू. उताऱ्यात काय आहे ते सांग."

ओमकारनं पेपर सरांपुढं सरकवला. मग म्हणाला, "सर, मार्क कापा. पण उतारा लिहिणाऱ्या माणसाला कुणीतरी सांगा."

*

तन्वी नावाची मुलगी आहे, दहिवलीतल्याच डॉक्टरांची. इंग्रजी वाचायला लागली की कुठं अडत नाही, श्वास तरी कधी घेते कोण जाणे. सरांनी तिला आख्खं पान वाचायला लावलं. सगळे गार. सर म्हणाले, "शाब्बास. आता थोडक्यात सांग, काय वाचलंस?"

तन्वी म्हणाली, "सर, तुम्ही वाचायला सांगितलं होतं. समजायचं सांगितलं नव्हतं."

सरांनी त्या दिवशी खिचडी दोनदा घेतली. मनाला लागलं की ते जास्त जेवतात.

*

आमच्या घरची परीक्षा वेगळी. साक्षी उतारा मनात वाचायची आणि मला मराठीत सांगायची. मी चुलीपुढं. एकदा सांगायला लागली, "एक माणूस दवाखान्यात गेला, औषध घेतलं, आणि कुत्र्याला घेऊन घरी आला."

"कुत्रा कुठून आला गं?"

"असेल त्याचाच."

"मग जाताना का नव्हता?"

परत वाचलं. मधली एक ओळ अवघड म्हणून तिनं गाळली होती. कुत्रा दवाखान्याच्या पायरीवर बसलेला, पाय मोडून. मी तिला सांगितलं, "बाई, गोष्टीत हाय तेवढं सांग. नसलं तर नाय म्हण. मनाचं घुसडू नको."

साक्षीनं हे वर्गात सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून चार-पाच पोरी उतारा घेऊन माझ्यापुढं. सर खिडकीतून बघायचे. तांदूळ निवडायला पोरी मिळाल्या म्हणून माझी तक्रार नव्हती.

*

खरी परीक्षा खालापूरला झाली. दोन्ही तालुक्यांतल्या मुली जमलेल्या. निघताना सरांनी एकच गोष्ट दहा वेळा बजावली, जी आपल्याकडं प्रत्येक मास्तर बजावतो: "येत नसेल तर प्रश्नच उतरवून काढा, पण जागा मोकळी सोडू नका."

आत रेकॉर्डिंग लावलं. एक बाई आपल्या आजारपणाची हकिकत सांगते, भाऊ तिला दवाखान्यात घेऊन जातो, दिवसभर बसतो, संध्याकाळी परत आणतो. सहावा प्रश्न, भाऊ काम काय करतो?

बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, "सहाव्याला काय लिहिलंत?"

एक म्हणाली, "ड्रायव्हर. त्याशिवाय नेलं कसं?" दुसरी म्हणाली, "डॉक्टर." तन्वीनं लिहिलं होतं, शेतकरी.

साक्षी म्हणाली, "मी लिहिलं, हे सांगितलेलं नाही."

सर मटकन बसले. "म्हणजे मोकळाच सोडलास?"

"मोकळा नाही सर. सांगितलेलं नाही, असं लिहिलंय."

सर तिथून थेट माझ्याकडं आले. "आजी, वर्षभर मी घासतोय, आणि तुम्ही एका वाक्यात घालवलंत."

या वेळी मात्र उलटंच, आठवडाभर त्यांनी माझी खिचडी खाल्ली नाही. मुलानं सुपरवायझरला परत फोन केला. साक्षी गुमान तांदूळ निवडत होती, आणि खडे सोडून तांदूळच टाकत होती. मी ते परत वेचून घेत होते. मलाही झोप कुठं लागत होती?

*

यादी लागली. आमच्या शाळेतलं एकच नाव, साक्षीचं.

प्रवेशाला आम्ही सगळे गेलो, मुलगा, मी, आणि इस्त्रीचा शर्ट घालून भगत सर. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, "सहावा प्रश्न आम्ही मुद्दाम तसा ठेवला होता. बरोबर लिहिणाऱ्या अगदी थोड्या. हिला शिकवलं कुणी?"

सरांनी माझ्याकडं बोट केलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माणूस मला आवडला.

मॅडम हसल्या. "मग आजी, तुम्हीच सांगा. तो भाऊ काय करत असेल?"

मी म्हटलं, "काय नाय करत. घरीच बसून हाय. नायतर बहिणीसाठी आख्खा दिवस दवाखान्यात कोण बसतंय?"

मॅडमनी भगत सरांकडं बघितलं. भगत सरांनी खिडकीबाहेर बघितलं. आणि साक्षीच्या फॉर्मवर शिक्का पडला.