रायफलीला घातलेली नीळ

ससा मी मारला आणि कौतुक दुसऱ्याचं झालं. हे मी विसरून जायला हवं होतं, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. मी वर्षभर विसरले नाही.

२००५ च्या आसपासची गोष्ट. आम्ही अमेरिकेत, रेडमंडला राहत होतो. नवऱ्याच्या ऑफिसातले एक नागपूरकर होते, मी त्यांना भाऊजी म्हणायची. हिवाळ्यात ते डोंगरापलीकडे केबिन भाड्यानं घ्यायचे आणि दोन-तीन कुटुंबांना सशांच्या शिकारीला न्यायचे. पुरुष बर्फात, बायका रश्शाच्या तयारीला. मी कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवलेली, म्हणून शिकारीचं लायसन्स काढून मीही बर्फात जायची. माझी रायफल त्याच जातीची, लहान गोळीची. पिन काडतुसाच्या बुडाच्या मधोमध न आपटता कडेवर आपटते, ती. शेजारच्या म्हाताऱ्यानं घर विकताना दिलेली. आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही. भाऊजी तिला खेळणं म्हणायचे.

त्या खेळण्यानं मी ससा पाडला. भाऊजी धावत आले, "द्या वहिनी, सेफ्टी लावतो" म्हणत रायफल माझ्या हातातून घेतली, दुसऱ्या हातानं ससा उचलला आणि फोटो काढून घेतला. संक्रांतीला शेजारच्या बेलव्ह्यूला आमचं मराठी मंडळ जमलं तेव्हा तो फोटो हातोहात फिरला. "वहिनींची रायफल घेतली अन् एका गोळीत आडवा!" मी तिळगुळाचं ताट घेऊन शेजारीच उभी होते.

"तो मी मारला," मी म्हटलं.

"असू द्या हो वहिनी, रायफल तर तुमचीच होती ना!" सगळे हसले.

गाडीत नवरा म्हणाला, "जाऊ दे ना यार."

मी जाऊ दिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात रायफल रंगवायला काढली. बर्फात काळी सरळ रेघ लांबून दिसते, ती मोडायची होती. आधी रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली. तेलकट लाकूड भांड्यांच्या साबणानं पुसून काढलं, नाहीतर रंग धरत नाही. नळीचं तोंड, नेमाच्या खुणा, बोल्ट, चाप, सगळ्यांवर टेप लावली. दुकानातला रंग नको होता, तो उन्हाळ्यात धुऊन निघाला नसता. कॉर्नस्टार्चची खळ शिजवली आणि तीत मुलीचा पांढरा पोस्टर कलर कालवला.

मुलगी डोकावून म्हणाली, "आई, आर यू मेकिंग कढी फॉर अ गन?"

पांढरा हात दिल्यावर मागच्या वर्षीचा तो फोटो बाहेर काढून शेजारी ठेवला. भाऊजींच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, त्यांच्या मागच्या बर्फाकडे बघितलं. झाडांखालचा बर्फ पांढरा नव्हताच, निळसर होता. सासऱ्यांच्या लेंग्यांसाठी सासूबाईंनी पुण्याहून आणलेली निळीची पुडी कपाटात पडून होती. उरलेल्या खळीत ती घातली आणि फाटक्या स्पंजनं नळीवर आणि दस्त्यावर ठिपके दिले. चहाच्या चोथ्याच्या पाण्यानं काटक्यांसारख्या चार रेघा ओढल्या. छान दिसत होती. नीळ जरा जास्त झाली होती, एवढंच.

वाळल्यावर अंगणात नेऊन नेम धरून पाहिला. बाहेर नेहमीची बुरबुर चालू होती. घरात येऊन आरशात पाहते तर उजवा गाल निळा! खळीचा रंग ओला झाला की सुटणारच. वार्निशचा एक हात दिला असता तर प्रश्न मिटला असता. डबा हातात घेतलाही होता. मग गालाकडे पुन्हा पाहिलं. जो नेम धरेल त्याच्याच गालावर नीळ उमटणार. डबा परत फळीवर ठेवला.

केबिनला पोचल्यावर भाऊजी रायफल बघून म्हणाले, "वहिनी, धुणं वाळत घालायला आणली का ही?" सगळे खिदळले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ भुरभुरत होता. ससा देवदाराखाली बसलेला, कानांची टोकं तेवढी काळी. मी गाल टेकवला, अर्धा श्वास सोडला, चाप ओढला. ससा जागीच आडवा झाला. मी मफलर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. भाऊजी आलेच.

"द्या वहिनी, सेफ्टी लावतो."

मी दिली. फोटोही काढू दिला.

केबिनमध्ये सगळे शेकोटीभोवती जमल्यावर त्यांची गोष्ट सुरू झाली. "मी वहिनींची रायफल घेतली, असा वाकलो..." मी ती पुरी होऊ दिली. मग मफलर काढला.

"भाऊजी, गाल दाखवा."

"काय?"

"रायफल ओली झाली की रंग सोडते. नेम धरला म्हणता ना? मग गाल दाखवा."

सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांच्या बायकोनं हातातला रश्शाचा डाव खाली ठेवला, जवळ जाऊन त्यांची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला.

"अहो, हा तर कोराच आहे!" ती म्हणाली. "आणि मागच्या वर्षीचा ससा कोणी मारला?"

भाऊजी म्हणाले, "अरे यार, मजाक होता." कोणी हसलं नाही. माझा नवरा शेकोटीत लाकूड सारत होता. त्याच्याकडेही मी जरा वेळ बघत राहिले.

साबणानं गालाचा रंग निघाला असता. मी घासला नाही. तशीच ऑफिसला गेले, फिकट डाग घेऊन त्याच आठवड्यातल्या संक्रांतीलाही गेले आणि विचारेल त्याला सगळं सांगितलं. भाऊजींनी तिळगूळ पुढे केला. मी घेतला, तोंडात टाकला आणि काही न बोलता पुढे गेले.