गुत्त्याचा बिल्ला

बा गेला आणि थोड्याच दिवसांनी गावचा कारभारी आमच्या दारात आला. आत नाही आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आयच्या हातात पितळेचा एक बिल्ला ठेवला आणि खाली बघत म्हणाला, "शेठनं धाडलाय. दिवस घालशील तवा लागंल."

आयनं बिल्ला पाहिला आणि तिथंच जमिनीवर टाकला. कारभाऱ्यानं तो उचलून कुडाच्या काटक्यांत खोचला आणि निमूट निघून गेला. तेव्हापासून तो मेला बिल्ला आमच्या घरात चकचकत राहिला. चुलीचा उजेड पडला की आधी तो दिसायचा, मग बाकीचं घर.

आता तो बिल्ला म्हणजे काय, ते सांगते. राजाच्या मुलखात दारूचा मक्ता एका शेठकडे होता. खोडाळ्याच्या बाजारात त्याचा गुत्ता होता. गुत्त्यावर बिल्ला दाखवला की शिसाभर दारू फुकट. फुकट! तो शब्द अजून कानावर पडला की माझं डोकं फिरतं. होळीला शेठ पाड्यापाड्यांत असे बिल्ले वाटायचा आणि आमचे बापये नाचत जायचे घ्यायला. एकदा गुत्त्याची चव लागली की पुढं माणूस आपल्या पायानं येतो, हे शेठला पक्कं ठाऊक होतं. आणि घरी मोह गाळायचा नाही. गाळलात तर शेठचे पहारेकरी येऊन मडकी फोडणार, माणूस धरून नेणार.

मोहाशिवाय आमचं चालायचं कसं, हे कुणी विचारलं नाही. आम्ही काय रोज झिंगून पडायचो? पेरणीआधी गावदेवाला मोहाची धार लागते. लग्नाला लागते. माणूस मेला की त्याचा दिवस घालतात, म्हणजे भगत बसून मेलेल्याला हाक मारतो आणि त्याला वाडवडलांत नेऊन बसवतो, तेव्हाही लागते. धार सोडली नाही तर मेलेला आत येत नाही, शिवेवर भटकत राहतो. हे आम्ही दुधाबरोबर शिकलेलो.

आणखी एक रीत होती आमची. मोह गाळताना पहिली धार निघाली की ती घरच्यानं प्यायची नाही, देवालाही लगेच द्यायची नाही. त्या वेळी वाटेनं जो कुणी येईल, ओळखीचा असो नसो, त्याला द्यायची. कुणी आलंच नाही तर वाटेवर ओतायची. वाटसरू तहानेला गेला तर सगळी धार नासली म्हणतात. दिवसाला भगतसुद्धा त्याची खात्री करून घेतो.

याच रीतीनं माझ्या बाचा घात केला.

रोपांसाठी राब भाजून झाले होते आणि पेरणी तोंडावर होती. बानं गावदेवासाठी ओहोळाच्या काठी भट्टी लावली होती. सगळेच लावायचे, चोरून. बाकीचे निदान एखादं पोर झाडावर बसवायचे, कुणी आलं तर शीळ घाल म्हणून. बानं तेही केलं नाही. "वाटेकडं बघून शीळ घालायची, मग पहिली धार कुणाला द्यायची?" असं म्हणायचा. असला माणूस! तर पहिली धार निघाली आणि वाटेनं एक अनोळखी माणूस आला, मोखाड्याकडचा, आमच्यासारखाच लंगोटीवाला, कपाळाला घाम. बानं पळसाच्या पानाचा द्रोण भरला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरला. "बस, बाबा. पी."

तो बसला. प्यायला. तोंड पुसलं. थोड्या वेळानं त्याच्यामागून आणखी माणसं आली, तेव्हा कळलं की तो शेठचा पहारेकरी होता.

मी तिथंच होते. बाला दोराच्या काढण्या लावल्या तेव्हा तो त्या माणसाकडं बघत होता, रागानं नव्हे, नुसता बघत होता. त्या माणसानं मान वर केली नाही.

गुत्त्यामागच्या खोपटात बाला कोंडलं आणि मारलं. मामा जामसरहून धावत गेला, पाया पडला, तेव्हा कुठं सोडलं. घरी आणला तो डोलीत घालून. छातीत काहीतरी मोडलं होतं. सगळा पावसाळा तो चुलीजवळ पडून खोकत राहिला. आय नागलीची पेज भरवायची आणि तो अर्धी सांडायचा. आम्ही वाट बघत होतो, उघडीप झाली की बरा होईल. कसला बरा होतो! भात पिवळं व्हायच्या सुमाराला त्याला आपला शेवट कळला. आयला जवळ बोलावून म्हणाला, "माझ्या दिवसाला आपल्या मोहाची धार सोड. दारच्या झाडाची. गुत्त्याची नको. गुत्त्याची सोडलीस तर मी यायचा नाय."

आयनं त्याच्या अंगावर हात ठेवून हो म्हटलं. तेवढंच त्यानं मागितलं होतं.

आता बघा, घरात पितळेचा बिल्ला आणि आयच्या गळ्यात हा शब्द. बिल्ल्याचं काय करायचं यावर ज्याला त्याला अक्कल फुटली. काका म्हणाला, "ओहोळात फेक. ते पितळ घरात ठेवू पण नको." मामा म्हणाला, "फेकून काय होतं? शेठला काय कळणार हाय? त्याचाच बिल्ला हाय, त्याच्याच गुत्त्यावर दाखवून दारू आण नि दिवस उरक. मेलेल्याला चव कळते का?" शेजारीण म्हणाली, तिच्या नवऱ्याला दे, तो बदल्यात दोन कोंबड्या देईल. आय सगळ्यांचं ऐकायची आणि सूप पाखडत राहायची. एकदा फक्त मामावर उसळली. "ज्यानं त्याचं तोंड रक्तानं भरलं, त्याची दारू त्याच तोंडात घालू? तू माझा भाऊ हायस का शेठचा?" मामा त्या दिवशी न जेवता जामसरला परत गेला.

फेकलाही नाही तिनं तो. मला नवल वाटायचं. म्हटलं, "आय, टाक ना गं." तर म्हणाली, "टाकला तर शेठचं काय जातं? असू दे तिथं. दिसला की इसरणार नाय मी."

दारच्या झाडाची फुलं पहारेकऱ्यांनी कणगीतून उपसून नेली होती. पण आयनं एक गाठोडं आढ्याला बांधून ठेवलं होतं. भात हाती येईपर्यंत आमची हालत अशी होती, की कंदमुळं उकडून खायचो. मोहाची फुलं शिजवून खाल्ली तर पोटाला आधार मिळतो. धाकटा भाऊ त्या गाठोड्याकडं बोट दाखवून रडायचा. आय त्याला मांडीवर घेऊन त्याच्याबरोबर रडायची, पण गाठोडं सोडलं नाही. बाला शब्द दिला होता ना.

भात झोडून झालं. भगत म्हणाला, आता दिवस घाला, फार थांबवू नका. मग आयनं फुलं भिजत घातली. ती आंबली, तशी एके सकाळी ती आणि मी ओहोळाच्या काठी गेलो, बानं लावली होती त्याच जागी. दुसरी जागा शोधायला हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आय म्हणाली, "त्याच्या हाताची चूल हाय तिथं." निघताना तिनं कुडातला बिल्ला काढून लुगड्याच्या गाठीत बांधला. कशाला, ते मी विचारलं नाही.

मडक्यावर मडकं बसवलं, मातीनं फटी लिंपल्या, नळी जोडली. आय धुरावर सूप हलवत होती, धूर वर जाऊ नये म्हणून. मी वाटेकडं डोळे लावून बसले होते, आणि मनात म्हणत होते, देवा, कुणी यायला नको, आज कुणी यायला नको.

पहिली धार द्रोणात पडायला लागली आणि वाटेनं माणूस आला.

तोच होता. मी त्याला शंभरांत ओळखला असता. आयनंही ओळखलं. या वेळी तो एकटाच होता. आमच्यापासून हातभर अंतरावर खडकावर बसला. मग द्रोणाकडं बघून अगदी हळू म्हणाला, "पहिलीच हाय का, बय?"

आय उठली. मला वाटलं, आता ही कोयता उचलते. तिनं गाठ सोडली, बिल्ला काढला आणि त्याच्या पुढ्यात खडकावर आपटला. "हा घे तुझ्या शेठचा. गुत्त्यावर जा नि मर पिऊन. ही माझ्या माणसाची हाय. एकदा प्यायलास ना त्याच्या हातची? भागली नाय तहान?"

तोंडावर कुणी थुंकल्यासारखं झालं त्याला. त्यानं बिल्ल्याकडं पाहिलं, मडक्याकडं पाहिलं, उठला आणि आल्या वाटेनं निघून गेला.

आता हा माणसं घेऊन येणार म्हणून आम्ही दोघी वाटेकडं बघत राहिलो. आयनं द्रोण पोटाशी धरला. पण कुणी आलं नाही. सगळी धार निघाली, वाळल्या भोपळ्यात भरली, आम्ही घरी आलो, तरी कुणी आलं नाही. आय वाटेत चक्क हसली. बा गेल्यापासून पहिल्यांदा. "बघ," म्हणाली, "त्याचा बिल्ला त्याला दिला आणि आपली धार आपल्याकडं राहिली." मलाही वाटलं, काय डोकं चालवलं आयनं! काकालाही पटलं. बिल्ल्याचं याहून चांगलं काय करणार होतं कुणी?

त्याच दिवशी उन्हं कलल्यावर अंगणात दिवस घातला. पाडा जमला. मामाही आला, राग गिळून. भगतानं भात मांडला, बाचा कोयता मांडला, आणि बाला हाका मारत मारत तो घुमायला लागला. त्याच्या अंगात बा आला. घोगरा आवाज, मध्येच खोकला. खोकला ऐकला आणि आय पदरात तोंड खुपसून हमसून रडायला लागली.

भगतानं बाच्या त्याच आवाजात विचारलं, "धार कशाची?"

आय म्हणाली, "आपल्या मोहाची. दारच्या झाडाची."

"गुत्त्याची नाय?"

"नाय. तुझ्या शपथेनं नाय."

बाया रडत होत्या. मला वाटलं, आता झालं. आता बा आत येणार.

मग भगतानं विचारलं, "पहिली वाटसरूला दिली?"

हे नेहमीचं विचारणं. दरेक दिवसाला विचारतात आणि घरचे म्हणतात, 'दिली', आणि भगत भोपळा उचलून धार सोडतो. कुणाचं लक्षही नसतं तिकडं. पण आयचं रडणं एकदम थांबलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिचं तोंड मी जन्मात विसरणार नाही. तिला तोवर सुचलंच नव्हतं. मलाही नव्हतं. ज्या रीतीपायी बानं जीव दिला, तीच रीत आम्ही त्याच्या चुलीपाशी मोडून आलो होतो.

'दिली' म्हणायचं होतं गं, आय! कोण विचारायला येणार होतं? पण मेलेल्याशी खोटं बोलायची तिची छाती झाली नाही.

"नाय दिली," ती म्हणाली. "तो आला होता. मी नाय दिली."

"वाटसरू तहानेला गेला?"

"गेला."

भगत घुमायचा थांबला. नुसता थांबला. हळूहळू त्याचा श्वास जाग्यावर आला, डोळे उघडले, आणि तो आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "गेला गं तुझा माणूस. मी काय करू?" धार सोडली नाही त्यानं. भोपळा तसाच भरलेला राहिला. माणसं एकेक करून उठली. मामानं आयच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत आय भोपळा घेऊन ओहोळावर गेली. मी मागोमाग गेले. खडकावर बिल्ला होता. जिथं तिनं आपटला होता तिथंच, तसाच. त्यानं तो नेलाच नव्हता. आय त्याच्याकडं बघत खाली बसली आणि म्हणाली, "तो धरायला आला नव्हता गं. नुसता प्यायला आला होता."

तो कशाला आला होता, ते देवाला ठाऊक. केल्याचं वाईट वाटलं असेल, की नुसती तहान लागली असेल. मला अजून त्याचा राग येतो आणि राग आला की लगेच रडू येतं. आय त्या वाटेवर बसायला लागली. काम उरकलं की जायची, पुढ्यात द्रोण ठेवून बसायची. येणाऱ्याजाणाऱ्याला ती द्यायची नाही. त्यालाच द्यायची होती. तिनं मोखाड्यापर्यंत निरोप धाडले. तो परत आला नाही. भोपळ्यातली धार उडून गेली तरी ती बसायची.

बिल्ला मी त्याच सकाळी खडकावरून उचलून ओहोळात फेकला होता. काकाचंच ऐकलं म्हणा. काही वाटलं नाही, बरंही नाही, वाईटही नाही.

आय गेली तेव्हा माझ्या केसांत पांढरं आलं होतं. तिच्या दिवसाला मी मोह गाळला, त्याच चुलीवर. वाटेनं एक माणूस आला, खांद्यावर गाठोडं, कुठंतरी मजुरीला निघालेला. कोण, कुठला, कुणाचा, मी विचारलं नाही. द्रोण दोन्ही हातांनी पुढं केला. तो प्यायला आणि जायला निघाला. मी म्हटलं, "बाबा, आणखी एक पी. माझ्या बाच्या नावानं पी." मग आय आत आली. भगतानं तिला बसवलं, धार सोडली. मी भगताला म्हटलं, तिच्यासोबत बालाही हाक मार. तो म्हणाला, "एका माणसाचा दिवस एकदाच घालतात, बाय."