यर्टच्या छपरावरची दाभणाची भोकं

माझ्या मुलाने छपरावर मशीन मारलं, तिथून सगळं बिघडलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण घरात आता उलटंच सांगतात, की बाबांनी छप्पर फाडलं.

अमेरिकेत बेलव्ह्यूपासून तासाभरावर मुलाने घर घेतलं. मागच्या अंगणात आधीच्या मालकाने सोडलेला यर्ट होता. यर्ट म्हणजे गोल तंबू, लाकडी जाळीची भिंत आणि वर उतरतं कापडी छप्पर. सगळे म्हणाले, पाडू. मी म्हणालो, मी राहतो. घरात मुलगा दिवसभर मीटिंगमध्ये. मी नुसता खोकलो तरी दार उघडून ओठांवर बोट ठेवतो. बापाला! यर्टमध्ये मी पाहिजे तेवढा खोकतो, बातम्या मोठ्याने लावतो. दोन वर्षं तिथेच राहतोय.

छपराच्या उत्तर बाजूला शेवाळ धरलं. मुलाने प्रेशर वॉशर, म्हणजे जोराने पाणी मारायचं मशीन, भाड्याने आणलं आणि शेवाळाबरोबर कापडावरचा लेपही उडवला. कडेला दोन चिरा गेल्या. माझ्या पलंगावर पाणी टपकलं तेव्हा म्हणतो कसा, "बाबा, आता हे काढून टाकू. तुम्ही घरात या."

"फाडलंस तू, आणि घरात मी यायचं?"

"मग ओल्यात झोपणार का? रविवारपर्यंत नीट झालं नाही तर मी माणसं बोलावतो. फायनल."

फायनल म्हणे. मी चौथीपर्यंत शिकलो, पण नगरला चाळीस वर्षं ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या. माझ्या शिवणीखाली कुणाची साखर भिजली नाही.

सून मध्ये पडली. "बाबा, हे सुती कापड नाही, व्हिनाइल आहे. मी वाचलंय, याला शिवायचं नसतं, चिकटवायचं असतं."

"तू वाच," म्हणालो. "मी शिवतो."

शिडी लावली, कडेची दोरी सोडून कापड उलटं घेतलं. देशातून आणलेलं दाभण काढलं, दोऱ्याला मेण लावलं आणि दोन्ही चिरांवर दुहेरी ठिगळं घातली. शिवण अशी की बघत राहावं. गुरुवारी पाऊस आला आणि टाक्याटाक्यातून थेंब उतरला. चिरेतून नाही, माझ्या टाक्यांतून! सुती ताडपत्री भिजली की फुगते, दोरा फुगतो, भोक आपलं आपण मिटतं. हे प्लास्टिकचं मढं फुगतच नाही. पाडलं भोक की ते कायमचं. आणि खरं सांगायचं तर पहिल्याच टाक्याला हाताला ते कळलं होतं. तरी शिवत राहिलो, कारण सून खाली उभी राहून बघत होती.

मुलगा आला, वर बघून हसला. "बाबा, चाळणी केलीत की!"

शिडी फेकून मारावीशी वाटली.

शुक्रवारी ऊन पडलं. सून कामावर सुट्टी टाकून गोंदाचा डबा आणि व्हिनाइलची चौकोनी ठिगळं घेऊन आली.

"कोपरे गोल कर," मी ओरडलो. "टोक आधी उचकटतं. एवढंही नाही आलं तुझ्या वाचण्यात?"

"नाही आलं." तिने कात्री माझ्या हातात दिली. "तुम्ही कापा. आणि माझ्यावर ओरडू नका, मशीन मी मारलं नाही."

ते बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला. टाके उसवले. स्पिरिटने कापड पुसलं. टाक्यांची भोकंही झाकतील असं चिरेपेक्षा चार-चार बोटं मोठं ठिगळ, एक वरून, एक आतून. ती आतून फळी दाबून धरायची, मी वरून पोळ्यांचं लाटणं फिरवायचो. लाटणं गेलं कामातून. शनिवारी सगळ्या छपराला लेपाचे दोन हात दिले.

रविवारी मुलाला आत नेऊन बरोब्बर ठिगळाखाली बसवलं आणि पाण्याचा पाइप मी धरला. अर्धा तास मारलं पाणी. बाहेर आला, तर डोकं कोरडं.

"ठीक आहे, राहा," म्हणाला. "पण हिवाळ्यात परत बघू."

"बघायला येऊ नकोस. शेवाळ धरलं तर मऊ ब्रश आणून दे आणि बाजूला हो."

सुनेचे आभार मानायचे रागात राहून गेले. आता मानायचे तर घरात जावं लागेल, आणि तिथे तो ऐकत बसलेला असतो.