डाळिंबी साडी आणि सोळा भागांचा सूड

सूड ही माणसाची सर्वांत जुनी आणि सर्वांत गंभीर साधना आहे. हे वाक्य मी एकदा एका व्याख्यानात वापरलं होतं. ते ऐकून कुणी मानसुद्धा वर केली नव्हती, कारण नेमका तेव्हाच चहा आला होता. त्याचा अर्थ मला स्वतःला कळला तो बराच उशिरा, सोनपेठजवळच्या एका गावी, आत्याच्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडताना. समोर तिच्या नातीचा मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला होता आणि त्यात कोरियातली एक मुलगी हिंदीतून बोलत होती.

आत्याच्या धाकट्या जावेच्या मुलाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. लग्नाच्या कामाला हात लावायला म्हणून मी आधीच गेलो होतो आणि शेंगांपलीकडचं कुठलंही काम माझ्यावर सोपवू नये असं घरात ठरलेलं दिसत होतं.

मालिका सोळा भागांची होती. एका बड्या माणसाने त्या मुलीच्या वडिलांची खानावळ कपटाने बळकावलेली असते. वडील त्या धक्क्याने जातात. मुलगी मोठी होते, नाव बदलते आणि त्याच माणसाच्या घरी स्वयंपाकीण म्हणून राहते. रोज त्याला सूप वाढते, हसते आणि वाट बघते. मी टिंगल करायच्या तयारीनेच बसलो होतो. परक्या देशातल्या मालिकांवर जीव टाकणाऱ्यांविषयी माझं मत काही चांगलं नव्हतं.

मग एक प्रसंग आला. ती मुळा चिरत असते. मागे मालक पाहुण्यांना जुनी गंमत म्हणून तिच्या वडिलांची गोष्ट सांगतो. सगळे हसतात. पडद्यावर फक्त तिचे हात, सुरी आणि मुळ्याच्या चकत्या. मिनिटभर दुसरं काही नाही. सुरीचा ठेका जराही चुकत नाही. मी शेंग हातात धरून तसाच राहिलो.

"हात बघ तिचा," आत्या म्हणाली. "हालला न्हाई."

"लय भारी हाय ना?" नात म्हणाली.

"भारी काय त्यात. सवय लागती." आत्याने सुपातली टरफलं पाखडली. "मला जमंल का, एवढंच बघायलीय मी."

काय जमायचं, असं मी विचारलं. नातीने आजीकडे पाहिलं. आत्या उठली, आत गेली आणि लोखंडी पेटीच्या तळातून एक पाकीट घेऊन आली. डांबरगोळ्यांचा वास आला. पाकिटात डाळिंबी रंगाची साडी होती, घडीसुद्धा न मोडलेली. पाकिटावर ज्या दुकानाचं नाव होतं तिथे आता मोबाईल दुरुस्त करून मिळतात.

बारा वर्षांपूर्वी आत्याच्या मुलीच्या लग्नात याच धाकट्या जावेने हा आहेर केला होता. भर मांडवात, नव्या विहिणीच्या समोर, साडी हातात देताना ती म्हणाली होती, "आक्का, पैल्यांदा येगळी धुवा बरं." म्हणजे साडी रंग सोडणारी. म्हणजे हलकी. म्हणजे आक्काची लायकी ती एवढीच. विहिणीने पदराआडून बघून घेतलं, असं आत्याचं म्हणणं. आत्याने ती साडी कधी अंगाला लावली नाही, धुतली नाही, कुणाला दिलीही नाही. जावेच्या घरात लग्न निघायची वाट पाहिली. आता तीच साडी, त्याच पाकिटात, भर मांडवात, जावेच्या नव्या विहिणीसमोर ती परत देणार होती आणि तेच वाक्य म्हणणार होती.

मला साडीचं काही वाटलं नाही, वाटलं ते बारा वर्षांचं. दोघींच्या घरांमध्ये फक्त एक भिंत. या बारा वर्षांत दोघींनी दर उन्हाळ्यात कुरडया एकत्र घातल्या. जावेचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा आत्या परभणीच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसून होती, रोज डबा नेत होती. आणि पेटीच्या तळाशी ती साडी तशीच होती. कोरियातल्या मुलीने सोळा भागांत जे केलं, त्याचं मला क्षणभर फार कौतुक उरलं नाही.

शेवटच्या भागात मुलगी भर मेजवानीत सगळ्यांसमोर खरं सांगते आणि तो बडा माणूस संगमरवरी फरशीवर गुडघे टेकतो. आत्याने समाधानाने पदर सावरला. तेवढ्यात नात म्हणाली, "पण आजी, कॉमिकमधी असं न्हाई."

ही मालिका मुळात मोबाईलवर वाचायच्या चित्रकथेवरून बनवलेली होती. नातीने ती उघडली. पान उलटायचं नाही, बोटाने नुसतं खाली खाली सरकवत जायचं. शेवटी मुलगी सुपाचा वाडगा टेबलावर ठेवते, एप्रन काढते आणि जिना उतरू लागते. चित्र संपतच नव्हतं. बोट सरकत होतं, पायऱ्या येत होत्या आणि ती एकटी उतरत होती, पाठमोरी, लहान लहान होत. कुणाला काही कळत नाही. शब्द एकही नाही. तळहाताएवढ्या काचेवर एवढा मोठा जिना मावतो हे मला माहीत नव्हतं.

आत्या स्वतःच्या बोटाने तो जिना तीनदा उतरली.

"ह्यातलं खरं कोणतं?"

"कॉमिक आधी आलंय, आजी."

"म्हंजे बोललीच न्हाई ती?"

"न्हाई."

"मंग त्या मानसाला कळलं कसं?"

"न्हाईच कळलं."

"मंग काय उपेग," आत्या म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. पण त्या आठवड्यात दोनदा तिने नातीचा मोबाईल मागून घेतलेला मी पाहिला.

लग्नाच्या दिवशी माईकवाला मोठ्या मानकऱ्यांचे आहेर आणि हरवलेल्या चपला एकाच भारदस्त आवाजात पुकारत होता. आत्याचं नाव पुकारलं गेलं. ती पाकीट घेऊन पुढे गेली. मी आणि नात खांबाजवळ उभे होतो. जावेच्या शेजारी तिची नवी विहीण बसली होती, अगदी हवी तिथे. आत्याने कुंकू लावलं, ओटी भरली, साडी हातात दिली. हात हलला नाही. तोंड उघडलं. जाऊ हसून वर बघत होती.

आत्या तोंड मिटून परत आली.

"का गं?" मी विचारलं.

"लोकं व्हते लय," ती म्हणाली. लोक असावेत म्हणूनच तर ती बारा वर्षं थांबली होती.

जावेने काहीच ओळखलं नाही. लग्नानंतरच्या पूजेला तीच साडी नेसली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओसरीवर चहा घेत होतो. भिंतीपलीकडे जाऊ धुणं घेऊन बसली होती. आत्या सहज उठून बघायला गेली आणि भिंतीवर दोन्ही हात टेकून थांबली. मीही गेलो. डाळिंबी साडी बादलीत होती, आणि तिच्याच वर जाऊ नवरदेवाचा पांढराशुभ्र सदरा बुडवत होती.

बारा वर्षं जपलेलं वाक्य आत्याच्या तोंडून शेवटी निघालं, पण घाबऱ्या घाबऱ्या. "अगं, येगळी धू. ती साडी येगळी धू."

"असूं द्या आक्का," जाऊ खाली बघूनच म्हणाली. "तुमी आणल्याली हाय. रंग कशाला जातोय."

तिने दोन्ही कपडे एकत्र चांगले खळबळले, पिळले आणि दोरीवर शेजारी शेजारी वाळत टाकले. आत्या तिथून हलली नाही. चहावर साय धरली.

सदरा पांढराच निघाला.