तीन नंबरचं बटण

भारतीताई एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. वयाच्या सहाव्या वर्षीच तापात दृष्टी गेली, पण कचेरीतले चारशे नंबर तोंडपाठ. नल्लकुंट्यात आमच्याच गल्लीत राहतात. भाजीवालासुद्धा त्यांना फसवायच्या भानगडीत पडत नाही. पिशवी हातात घेतली की वजन किती कमी आहे ते त्या सांगतात. अशा बाईला घरचंच माणूस फसवतंय असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

मी शाळेत शिकवते. निवडणूक आली की बूथच्या दाराशी मतदारयादी घेऊन बसते. दर खेपेला ताईंचे यजमान गोविंदराव त्यांचा हात धरून यायचे. आंधळ्या मतदाराबरोबर सोबती आत जाऊ शकतो, तसा नियमच आहे. ते ताईंचं बोट बटणावर ठेवायचे, ताई दाबायच्या आणि बाहेर येऊन शाईचं बोट मला दाखवायच्या. किती गुणाचा नवरा, असं मी चारचौघींत सांगितलंय. आता त्याची लाज वाटते.

मागच्या निवडणुकीत ताई दारातच थांबल्या. "रुपाली, उमेदवारांची ठिपक्यांची यादी असते म्हणे. रेडिओवर ऐकलं. मागून घे बरं. एकदा माझा नंबर मलाच लावू दे."

आतले अधिकारी ताईंशी न बोलता गोविंदरावांना म्हणाले, "साब साथ में हैं ना? फिर कायकू?"

मी हटले नाही. शेवटी अधिकाऱ्यांनी निवडणुकीच्या सामानाची पिशवी उपडी केली. मेणबत्त्या, सील करायची लाख, फॉर्मचे गठ्ठे आणि सगळ्यात खाली ती ब्रेल यादी, घडीसुद्धा न मोडलेली. यंत्र करणाऱ्यांनी बटणांशेजारी बोटाला लागणारे आकडे दिले, यादी दिली. पण बूथवर माणसं कशी वागतात, हे त्यांनी आमच्यासारख्यांना विचारलंच नसावं. आंधळं माणूस आलं की आपण बोलतो सोबत्याशी. यादी मशीनलाच बांधून दिली असती, तर मागायची वेळच आली नसती.

रांगेत कुरकुर सुरू झाली. ताईंनी यादीवरून बोट फिरवलं, मध्येच थांबल्या, पुन्हा वरून वाचू लागल्या. मग एकट्या आत गेल्या. मशीनचा लांब आवाज मला बाहेर ऐकू आला.

बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरलेला. "आपल्या नळवाल्या बाई कितव्या नंबरवर म्हणालात सकाळी?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. वस्तीच्या पाण्यासाठी भांडणारी ती उमेदवार. ताईंचं मत तिलाच, हे गल्लीला ठाऊक होतं.

"तीन," गोविंदराव म्हणाले.

"चुकत नाही ना तुमचं?"

"सकाळीच मत देऊन गेलोय मी. स्वतः बघितलं. तीनच."

उमेदवारांची यादी माझ्या मागेच भिंतीवर लावलेली होती. मी वळून पाहिलं. नळवाल्या बाई पाचवर होत्या. तीनवर होता तो माणूस, ज्याच्या प्रचाराला गोविंदराव महिनाभर हिंडत होते.

"त्या पाचवर आहेत," ताई म्हणाल्या. "आणि मागच्या वेळी? त्याच्या मागच्या?"

गोविंदराव अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, एका घरातली दोन मतं दोन दिशांना गेली तर उपयोग काय?"

माणूस खोटं पकडलं गेल्यावर ओशाळतो, हे मी पाहिलंय. ह्यांना आपलं काही चुकलंय असंच वाटत नव्हतं. ताईंनी शाई लागलेलं बोट पदराला पुन्हा पुन्हा पुसलं. ती शाई जात नसते.

बूथ असलेल्या शाळेच्या फाटकाबाहेर मोठा रस्ता आहे. गोविंदरावांनी नेहमीसारखं आपलं कोपर त्यांच्या हाताला लावलं. "चल, रस्ता मोकळा आहे."

ताई जागच्या हलल्या नाहीत. फाटकाशी पेरूची गाडी असते, हे त्यांना माहीत होतं. तिकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "भाई, रस्ता खाली है क्या?"