भूल न देता

नागपूरची भावना अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात, रोमन शस्त्रक्रियेवर पीएचडी करते. आईला पोरगी डॉक्टर व्हावी असं वाटे. पोरगी लागली दोन हजार वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांच्या मागे. काशाचे चिमटे, हाडं कापायची करवत, बायकांना तपासायचं स्क्रूचं यंत्र, सगळ्यांचे फोटो तिच्या भिंतीवर. रूममेट पायल त्या भिंतीकडे पाठ करूनच जेवायची.

मार्चमध्ये भावनाच्या कॅन्सर-तपासणीचा रिपोर्ट खराब आला. गर्भाशयाच्या तोंडाचे बारीक तुकडे काढून बघायचे होते. पायल तिला क्लिनिकला घेऊन गेली.

"भूल देणार ना?" भावनाने आडवं होता होता विचारलं.

"गरज नसते," डॉक्टर स्क्रीनकडे बघतच म्हणाले. "चिमटा काढल्यासारखं वाटेल फक्त."

पहिल्याच तुकड्याला तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती किंचाळली.

"रिलॅक्स," डॉक्टर म्हणाले, "अंग आखडता म्हणून दुखतंय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थांबा!"

"आता एकच—"

"थांबा म्हटलं ना! काढा ते यंत्र."

ती उठून बसली. "हेच यंत्र रोमन लोकांकडे होतं. पण कापण्याआधी त्यांचे वैद्य रोग्याला गुंगी आणणाऱ्या मुळाची दारू पाजायचे. त्यानं कधी माणूस दगावतही असेल. पण दुखतं, एवढं तरी त्यांना मान्य होतं!"

"बहुतेक बायका तक्रार करत नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"केली तर ऐकता?"

गाडीत पायलने हळूच विचारलं, "रडतेयस?"

"रडत नाहीये यार, चिडलेय!"

पायलने गाडी सुरू केली. "माझंही असंच केलं होतं. मला वाटलं, मीच नाजूक."

हे ऐकून भावनाचा राग दुप्पट झाला. दुसऱ्या क्लिनिकला फोन करून तिने आधी भुलीचंच विचारलं, मगच वेळ घेतली. तिथल्या डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं, काम झालं, रिपोर्टही चांगला आला.

"झालं ना बेटा सगळं नीट? आता सोड तो राग," आई फोनवर म्हणाली.

"नीट झालं, आई. राग नाही सोडणार."

त्याच उन्हाळ्यात तिने प्रबंधाचा विषय बदलला: रोमन वैद्य रोग्याच्या दुखण्याचं काय करत. पहिलं प्रकरण वाचून गाइड म्हणाले, "चांगलं आहे. फक्त राग जरा कमी करा."

भावनाने एक शब्दही कमी केला नाही.