हमीदभाईंची टाळी

हमीदभाई गेले, हे मला डिंभ्याच्या एसटी थांब्यावर कळलं. बहिणीकडे गेलो होतो. ओळखीचा ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, तुमचे जुन्नरचे गादीवाले गेले की परवा." परवा! म्हणजे मातीलाही मी नव्हतो. त्याला महिना होऊन गेला. आज लिहितोय, कारण तोंडाने बोलायची हिंमत झाली नाही.

आमच्या पिंपळवंडीच्या जत्रेत दरसाल एकच जुनं नाटक व्हायचं. परक्या धर्माचा एक वैद्य गावाला रोगातून वाचवतो, पुढे त्याच्यावरच विहिरीत विष टाकल्याचा आळ येतो, भर चावडीत पाटील त्याला थोबाडीत मारतो आणि शेवटी पाटलाचीच आई त्याला पाणी पाजते. तिथे बायका पदर डोळ्यांना लावायच्या. वैद्य हमीदभाई, पाटील मी. "आपल्या माणसाला कशाला मार खायला लावायचा?" असं तालमीत कुणीतरी म्हणायचं आणि आम्ही खो खो हसायचो. हमीदभाईही हसायचे. त्या हसण्याची आता लाज वाटते.

थोबाडीत मारायचं त्यांनीच मला शिकवलं. "मास्तर, तुमी नुसता वारा घाला. आवाज माझा." मी हात गालाजवळून फिरवायचा, त्यांनी पाठमोरं होत पोटाशी टाळी वाजवायची. मंडप दणाणायचा, वन्समोअर यायचा. आणि आमच्याकडची रीत अशी, की वन्समोअर आला की पुन्हा मारायचंच.

नव्वदीतलं ते एक वर्ष... शहरांतून जाळपोळीच्या बातम्या येत होत्या. चहाच्या टपरीवर रोज कुणीतरी 'ह्यांना' ठेचायची भाषा करायचं. मी शाळामास्तर, मी दटावायला हवं होतं. उलट ऐकता ऐकता माझंच डोकं भणभणायला लागलं. मुळात मी तापट. चावडीच्या प्रवेशाला मंडपातून कुणीतरी ओरडलं, "हाण त्याला, मास्तर!" आणि मी हाणला.

हात लागला. पुरा लागला. टाळी वाजायच्या आत जबड्याचा आवाज आला. ओठ फाटला, पुढचा दात फळ्यांवर पडला, खोट्या पांढऱ्या दाढीत रक्त उतरलं. मंडप पेटला. वन्समोअर! वन्समोअर! एक दगड पडद्यावर आदळला. मी थांबायला हवं होतं... नाही थांबलो. पुन्हा मारलं, आणि पहिल्यापेक्षा जोरात मारलं. हात आवरता आला असता, हे मी आज कबूल करतो.

पण या वेळी टाळी वाजली. तोंड रक्ताने भरलेलं, तरी त्या माणसाने बरोबर वेळेला टाळी वाजवली.

पडद्यामागे मी त्यांचे पाय धरले. "टाळी कशाला वाजवलीत हो?" ओठावरचा फडका बाजूला करत ते म्हणाले, "म्होरं बायकांत माझी पोर शबाना बसलीय. तिला वाटाया पायजे, नाटक हाय. रगत म्हंजे रंग, आन् दात जत्रंतल्या उसानं तुटला, असं घरी सांगनार हाय. तुमीबी तेच म्हना."

मीही तेच म्हणालो. नाटक पुढे बंद पडलं, हमीदभाईंचं येणंजाणं काही बंद पडलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नाच्या गाद्या त्यांनीच भरल्या. एकदा न राहवून म्हणालो, "एक शिवी तरी द्या राव मला!" ते गादीवर थाप मारून म्हणाले, "बघा, कापूस लई भारी लागलाय."

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. शबाना आता दोन लेकरांची आई आहे. तिने चहा ठेवला आणि अब्बांच्या खाटेजवळची वाटी पुढे केली. वाटीत उसाचे बारीक बारीक तुकडे होते. "त्यांचा दात उसानं गेला ना, काका, तवापासून मी त्यांच्या हातात कांडं कधी दिलं न्हाई. लई रागवायचे. आज सकाळीबी सवयीनं चिरून ठेवला बघा... घ्या की." मी एक तुकडा तोंडात टाकला. चावता येईना.

शबाना, पेपरातली ही पुरवणी तू वाचतेस, मला ठाऊक आहे. पोरी, उसाने काहीच केलं नव्हतं गं.